पाठराखण

माणसाला पाठ असते, ही गोष्ट त्याला साधारणपणे चाळिशीनंतर कळते. तोपर्यंत पाठ हा अवयव दुसऱ्यांनी शाबासकी देण्यासाठी किंवा धपाटा घालण्यासाठी राखून ठेवलेला असतो. मला पाठ असल्याचे गेल्या वर्षी आषाढात, मसाईच्या पठारावर, भर पावसात कळले. त्या दिवशी माझ्या पाठीवर एक पिशवी होती आणि थोड्या वेळाने ती नव्हती.

त्याचे असे झाले. कोल्हापूरच्या माणसाने जन्मात एकदा तरी पन्हाळा ते पावनखिंड पायी जावे, असा एक अलिखित नियम आहे. रंकाळ्यावर फिरणे, खासबागेत कुस्ती बघणे आणि गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध उभ्याने पिणे, ही या नियमावलीतली आधीची कलमे. ती मी वेळेवर पुरी केली होती. राहता राहिले हे चौथे. आमचे आण्णा त्या वाटेने सात वेळा जाऊन आले. मी बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, काउंटरच्या अलीकडचा पलीकडे गेलो. पण पन्हाळ्याच्या पलीकडे काही गेलो नाही. शेवटी अकरावीतल्या आमच्या कन्येने भर जेवणात विचारले, "बाबा, तुम्ही बाजीप्रभू नुसते सांगणारच, की कधी चालणार पण?"

चाललो. पाठीवर जी पिशवी घेतली ती मला कुठल्याशा परिषदेत फुकट मिळालेली होती. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण तिच्यावर बसून पन्नास किलोमीटर जायचे असेल तर मोजावेत, असे माझे आता मत झाले आहे. म्हाळुंग्याची चढण संपवून पठारावर आलो, वारा आडवा, पाऊस त्याहून आडवा, आणि 'टर्रर्र' असा आवाज झाला. मला वाटले विजारच गेली. पाहतो तो डावा पट्टा गेला होता. अर्ध्या तासाने उजव्याने त्याच्या पाठोपाठ राजीनामा दिला. मी पिशवी डोक्यावर घेतली. समोरून लाकडाचा भारा घेऊन एक मावशी येत होत्या. त्या थांबल्या, मला खालीवर न्याहाळले आणि म्हणाल्या, "चुंबळ न्हाई व्हय दादा? मान मोडंल की!"

पुढचे फार सांगत नाही. कन्येने स्वतःची पिशवी पाठीवर आणि माझी पोटावर बांधली आणि अशी दोन बाजूंनी जमाखर्च जुळवून ती खोतवाडीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पाठ उठेना. मी मिळेल त्या वडापने घर गाठले. पिशवीत सगळ्या तुकडीच्या भाकऱ्या असल्यामुळे ती मात्र कन्येबरोबर पुढे गेली. संध्याकाळी खिंडीतून तिने फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती : 'बाबा, तुमची पिशवी पोहोचली.'

आण्णांनी तो फोटो पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला आणि काही बोलले नाहीत. कोल्हापुरात माणूस बोलला नाही, की समजावे फार बोलला.

म्हणून यंदा मी ठरवले, आधी पिशवी. आणि कॉमर्सच्या माणसाला काही विकत घ्यायचे झाले, की तो आधी मागचा हिशेब काढतो. मी पिशवीचा इतिहास काढायला बसलो.

वाचकहो, हा इतिहास फार जुना आहे. १९९१ साली इटली आणि ऑस्ट्रियाच्या हद्दीवर, आल्प्सच्या बर्फात, एक मनुष्य सापडला. तो तिथे सुमारे पाच हजार तीनशे वर्षे पडून होता. त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, धनुष्य होते, आणि वाकवून यू आकार दिलेली एक लांब काठी व दोन फळ्या होत्या. हा त्याच्या पाठपिशवीचा सांगाडा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आमच्या शाळेत ज्या काळाला नुसते 'पाषाणयुग' म्हणून मोकळे व्हायचे, त्याच्या शेवटाशेवटाला माणसाने पाठीवरच्या ओझ्याला सांगाडा बसवला होता. आणि पाच हजार तीनशे वर्षांनंतर मला मिळालेल्या पिशवीला तो नव्हता. प्रगती नेहमी पुढेच जाते असे नाही.

आपल्याकडे ओझे वाहण्याच्या तऱ्हा किती, हे मोजायला बसलो तर बोटे पुरेनात. डोक्यावर चुंबळ, खांद्यावर कावड, खांद्याच्या पुढेमागे लोंबणारी पडशी, घोड्याच्या पाठीवर खुर्जी, काखेत वळकटी, हातात बोचके आणि संन्याशाची झोळी. नेपाळकडचे हमाल पट्टा कपाळाला लावून पाठीवरचे ओझे डोक्याने उचलतात. त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर उभे राहिले, त्या मोहिमेचे सामान डोंगराच्या पायथ्याकडे नेणारे हमाल साडेतीनशेच्या वर होते. शिखरावर दोघे. बँकेतसुद्धा साधारण हेच प्रमाण असते.

'रकसॅक' हा शब्द जर्मन. 'रुकन' म्हणजे पाठ. तिच्यावरची ती रकसॅक. सरळ मामला. पण 'हॅवरसॅक'ची कुळकथा काढली आणि मी दचकलो. 'हाफर' म्हणजे ओट नावाचे धान्य, जे घोड्याला घालायचे. हॅवरसॅक म्हणजे मूळ अर्थाने घोडदळातल्या स्वाराची घोड्याच्या दाण्याची पिशवी. थोडक्यात, आपला तोबरा!

दचकायचे कारण असे, की आमच्या घरात एक हॅवरसॅक आहे. आण्णांची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी शिपायांच्या अंगावर जाड सुती पट्ट्यांचा जो सरंजाम असे, त्याला १९३७चा पॅटर्न म्हणत. त्या जातीची खाकी, चौकोनी, पितळी बकलांची ती पिशवी आण्णांनी ऐन तारुण्यात लष्करी भंगाराच्या दुकानातून घेतली. महाराष्ट्रातल्या जुन्या गिरिभ्रमण करणाऱ्यांपैकी कितीकांचा संसार अशाच लष्करी भंगारावर उभा राहिला. मुंबईत 'गिरिविहार' संस्था १९५४ साली निघाली, तेव्हा राजारामपुरीत चारशे वीस डेनियरच्या रंगीत पिशव्या टांगलेल्या नव्हत्या. गो. नी. दांडेकर उभा महाराष्ट्र गड चढत हिंडले, 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिली. मला नाही वाटत त्यांनी कधी पिशवीची लिटरे मोजली असतील.

मी आण्णांना म्हटले, "आण्णा, तुम्ही सात वर्षं पाठीवर घोड्याचा तोबरा घेऊन हिंडलात. पुस्तकातच आहे तसं."

आण्णा शांतपणे म्हणाले, "म्हणून तर पोचलो. घोडखिंडीला घोडाच पायजे. तिथं बाकीच्या जनावराचं काम न्हाई."

बाकीचे जनावर परत वाचायला बसले.

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. पाठपिशवीचा गेल्या दीडशे वर्षांचा सगळा इतिहास म्हणजे खांद्यावरचे ओझे दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात कसे घालावे, याचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या हेन्री मेरियम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७८ साली दांड्या लावून ओझे कमरेवर टेकवण्याचे पेटंट घेतले. शिपायांना ते फारसे रुचले नाही. नॉर्वेत ओले बर्गन याने १९०८-०९च्या सुमारास पाठीच्या घाटाची चौकट बनवली. ब्रिटिश फौजेत मोठ्या पाठपिशवीला अजून त्याच्या नावाने 'बर्गन' म्हणतात. लॉईड नेल्सन नावाच्या अमेरिकन माणसाने अलास्कात तिथल्या आदिवासींची काठ्या आणि कातड्याची पाठचौकट वापरून पाहिली, ती सुधारली आणि १९२४ साली पेटंट मिळवले. १९३५ साली वॉलेस कॅरोथर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन जन्मले आणि पुढे सुती कॅनव्हासची सद्दी संपली.

मग आला डिक केल्टी. कॅलिफोर्नियातला हा गृहस्थ मूळचा सुतारकाम करणारा. डोंगरात चालताना त्याच्या टोळीतल्या एकाने पिशवीच्या चौकटीची खालची टोके विजारीच्या मागच्या खिशांत खोचली आणि काय आश्चर्य, खांदे हलके झाले! त्यावरून कमरपट्ट्याची कल्पना निघाली. १९५२ साली नवरा ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवतोय आणि बायको नीना शिवणयंत्रावर पिशव्या शिवते आहे, असा धंदा सुरू झाला. पहिल्या वर्षी चोवीस डॉलरला एक याप्रमाणे एकोणतीस पिशव्या खपल्या. उलाढाल सहाशे शहाण्णव डॉलर. (हा गुणाकार मी तोंडी केला. बँकेत यंत्रे आली तरी काही माणसे शिल्लक आहेत.) पुढे १९६७मध्ये ग्रेग लो याने ती बाहेरची चौकट पिशवीच्या पोटात घातली, आणि आज दुकानात दिसते ती सॅक तयार झाली.

हे सगळे मी सौ.ला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवले. ती पालेभाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे ओझं कमरेवर घ्यायचं, एवढंच ना?"

"एवढंच कसं? क्रांती आहे ही! १९५२ साली—"

"घागर आम्ही कुठं घेतो? आणि पोराला कुठं घेतो? तुमच्या त्या केल्टीची आई त्याला खांद्याला अडकवून हिंडत होती होय?"

मी वही मिटली. खरोखरच, 'कडेवर' हा एक शब्द ज्या भाषेत आहे, तिला कमरपट्ट्याचे पेटंट वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. आणि पिशवीला पावसासाठी जे घालतात ते झाकण तरी काय? पन्हाळा-शाहूवाडीकडे भाताची रोपे लावायला वाकलेल्या बायांच्या पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे जे इरले पिढ्यान्‌पिढ्या होते, तेच. फक्त इरल्याखाली माणूस कोरडा राहायचा. या झाकणाखाली पिशवी राहते, आणि माणूस भिजतो.

आता खुद्द त्या रात्रीकडे येतो. अफजलखानाच्या वधानंतर थोड्याच दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी पन्हाळा स्वराज्यात आला. मार्च १६६०मध्ये महाराज गडावर आले आणि सिद्दी जौहरने वेढा घातला. चार महिने तो हलला नाही. ऐन पावसाळ्यातही नाही. राजापूरचे इंग्रज, हेन्री रेव्हिंग्टन आणि मंडळी, तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आले आणि आपले निशाण लावून गडावर गोळे टाकून गेले. (पुढच्याच वर्षी, १६६१त, महाराजांनी राजापुरात जाऊन त्यांची वखार लुटली आणि त्यांना कैदेत टाकले. आमच्या खात्यात याला 'व्याजासह वसुली' म्हणतात.) १२ जुलै १६६०ची रात्र, आषाढी पौर्णिमा, वर पाऊस. राजदिंडीच्या वाटेने सहाशे माणसे गडाखाली उतरली. पालख्या दोन. एकीत महाराज. दुसरीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद, आपण कशासाठी बसलो आहोत ते पुरते ठाऊक असलेला. ती पालखी सिद्दीच्या माणसांनी धरली. सोंग उघडे पडले आणि शिवा काशीदचा शेवट झाला. मग सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. पुढे गजापूरजवळ घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांची माणसे घेऊन उभे राहिले आणि महाराज निम्मी माणसे घेऊन विशाळगडाकडे गेले. विशाळगडालाही सुर्वे आणि दळव्यांचा वेढा होता; तो फोडूनच वर जावे लागले. गडावरून तोफांचे आवाज होईपर्यंत खिंड लढली. बाजी पडले. घोडखिंडीची पावनखिंड झाली.

हे मी लहानपणापासून आण्णांच्या तोंडून ऐकत आलो. पण यंदा पिशव्यांच्या नादात मला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की त्या रात्री सगळ्यांत मोठे ओझे कोणी वाहिले?

पालखीच्या भोयांनी.

जरा विचार करा. निसरडी उतरण, गुडघाभर चिखल, मसाईच्या पठारावरचा तो वारा. आवाज करायचा नाही. पायाखाली दिसत नाही. खांद्यावर लाकडी दांडा. त्याला ना गादी, ना कमरपट्टा, ना चौकट. आणि ओझे असे, की ते खांद्यावरून घसरले तर स्वराज्य घसरले. खांदा दुखला तर बदलायचा, तोही चालता चालता, ठेका न चुकवता. त्यांत दोघाचौघांच्या खांद्यावर तर शिवा काशीदची पालखी होती. ती सावकाश, सापडेल अशा बेताने न्यायची. मी मात्र आठ किलोची पिशवी घेऊन खोतवाडीत पाठ धरून बसलो होतो. सहाशेजणांत आपण बाजी नसतो, शिवा काशीदही नसतो, हे माणसाला चाळिशीत कळलेले असते. पण भोई तरी होता आले असते का, या प्रश्नाने माझी झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर थेट राजारामपुरी गाठली.

दुकानातला पोरगा वयाने लहान आणि ज्ञानाने अफाट होता. म्हणाला, "सर, पंचावन्न लिटर घ्या."

लिटर म्हटले की कोल्हापूरकराच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू येते. मी म्हणालो, "एवढं दूध कशाला?"

तो हसला नाही. पण त्याने समजावले मात्र नीट. पिशवीत किती मावते ते लिटरमध्ये सांगतात. दोन दिवसांच्या वाटेला तीस-चाळीस लिटर पुष्कळ. जागा जास्त असली की माणूस ती भरतोच. (हे मला पटले. पगाराचेही तसेच आहे.) ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवावे. कापडाच्या जाडीला डेनियर म्हणतात : नऊ हजार मीटर धागा एक ग्रॅम भरला तर तो एक डेनियरचा. म्हणजे चारशे वीस डेनियरचा धागा कोल्हापुरातून सोडत पन्हाळ्याच्या निम्म्या वाटेपर्यंत नेला, तर तो चारशे वीस ग्रॅम भरेल. घरी येऊन पाहिले, तर 'डेनियर' हे मूळचे एका जुन्या फ्रेंच नाण्याचे नाव. त्याचा आजा रोमन 'डिनेरियस', आणि आपला 'दिनार' त्याच घराण्यातला. पिशवी घ्यायला गेलो तिथेही नाणी मोजण्यातून सुटका नव्हती.

"सर, पाठीची उंची किती तुमची?"

माणसाची उंची असते हे ठाऊक होते. पाठीची वेगळी असते हे नवीनच. मान खाली घातली की मागे जे हाड वर येते, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या रेषेपर्यंत मोजायचे. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते, बुटक्याची लांब. पिशवी या मापाने घ्यायची, उंचीने नाही. माप घरून घेऊन यायचे ठरले. सौ.ने ब्लाउजची टेप काढली. "मान खाली घाला," म्हणाली. "लग्नापासून खालीच आहे," मी म्हणालो. त्यावर टेप जरा जास्तच ओढली गेली असावी, कारण माप दीड इंच वाढीव निघाले. ते पुन्हा दुकानात घ्यावे लागले.

शेवटी चाळीस लिटरची घेतली. पोराने तीत दहा किलोची वजने घालून मला दुकानातच पंधरा मिनिटे येरझारा घालायला लावले. आधी कमरपट्टा कमरेच्या हाडांवर आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, मग छातीचा, आणि शेवटी खांद्यावरची ती छोटी दोरी ओढून पिशवी पाठीला चिकटवायची. कमरपट्टा आवळला आणि खांदे खरेच मोकळे झाले. बाहेर उभे असलेले दोन खातेदार हा प्रकार बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाने काउंटरवर विचारले, "साहेब, बँक सोडून कुठं निघालाय?"

पिशवी पाहून कन्येने जाहीर केले, "तुम्ही नवीन घेतलीत, तर मी आण्णांची नेणार." आण्णांनी काही न बोलता माळ्याकडे बोट दाखवले. हॅवरसॅक खाली आली. कापड ठणठणीत, पण पट्ट्याची शिवण कुजली होती. मी ती घेऊन चप्पल लाइनीला गेलो. तिथे एक वयस्क मामा बसतात. आयुष्य कोल्हापुरी चपला शिवण्यात गेले. त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी ताणला, शिवणीवर नख फिरवले आणि म्हणाले, "साहेब, पट्टा कधी तुटत न्हाई. शिवण तुटती. मान्सं मातूर पट्ट्याला शिव्या घालत्यात."

मी माझ्या त्या फुकटच्या पिशवीची कहाणी सांगितली. मामा म्हणाले, "काठाला एक टीप मारली आसंल. भार येतुया तितं चौकोन घालायचा, चौकोनात फुली मारायची. मग भार चारी बाजूला वाटला जातुया. एकट्या टाक्यावर भार टाकला की त्यो जातोय. मानूस आसू दे न्हाईतर दोरा." आणि आरी घेऊन त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने चौकोन व फुली घातली. दुकानातल्या त्या चार हजारांच्या सॅकची शिवण मी घरी येऊन भिंग लावून पाहिली. तिथेही चौकोनात फुलीच होती.

मग भरणे. मी नियमाने भरले : हलके अंथरूण तळाला, जड वस्तू मध्यावर आणि पाठीला चिकटून, पावसाळी डगला सगळ्यांत वर, आणि आत खताच्या पोत्याचे प्लॅस्टिकचे अस्तर, कारण पन्हाळ्याचा पाऊस वरचे झाकण मानत नाही. मग सौ.ने तिच्या नियमाने भरले : दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची काचेची बरणी, सर्दीची, तापाची, पोटाची गोळी आणि दोन जादा स्वेटर. पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत गेलो आणि गव्हाच्या काट्यावर ठेवली. चौदा किलो तीनशे. गिरणीवाला म्हणाला, "बारीक दळायचं की रवाळ?"

रात्रभर बसून वजावट केली. बरणी गेली, स्वेटर गेला, चार्जर गेला, 'असू दे, लागेल' म्हणून घेतलेल्या अकरा वस्तू गेल्या. सर्वांत शेवटी मी वहीसुद्धा काढली. आठ किलो सहाशेवर हिशेब जुळला.

आणि निघालो. पन्हाळा यंदा अधिकच ऐटीत होता. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, त्यांत तो आहे. बाजीप्रभूंच्या पुतळ्याला नमस्कार केला, शिवा काशीदच्या समाधीशी माथा टेकला, म्हाळुंगे चढलो, मसाईच्या पठारावर वाऱ्याने जुनी ओळख दाखवली. पट्टा धरला. खोतवाडीत मुक्काम. सकाळी मी सर्वांच्या आधी उठून बसलो, हे सांगायला मी सर्वांना उठवले. करपेवाडी झाली, आंबर्डे झाले. पांढरेपाण्याच्या अलीकडे कन्या मागे पडू लागली. ती काही बोलली नाही. घराण्याची रीत. पण मी पाहिले, आण्णांच्या हॅवरसॅकचा चिंचोळा पट्टा तिच्या खांद्यात रुतला होता. कमरपट्टा नसलेली पिशवी ती. सगळा भार खांद्यावर.

"आण इकडं."

"नको बाबा, तुमची पाठ—"

"पाठ आहे. गेल्या वर्षीच कळलंय."

मी हॅवरसॅक पोटावर घेतली, तिचा पट्टा माझ्या कमरपट्ट्यात ओवला आणि दोन बाजूंनी जमाखर्च जुळवून चालू लागलो. माझ्यासारख्याने बाजी व्हायची हाव धरू नये. पण सात वेळा जाऊन आलेली एक पिशवी आठव्यांदा न्यायला भोई म्हणून मी चाललो. खिंडीत उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. पाणी तेवढे खळाळत होते. काही वेळ कोणीच बोलले नाही.

घरी आलो तर आण्णा झोपाळ्यावर. मी दोन्ही पिशव्या पुढ्यात ठेवल्या. वाटले, आता शाबासकी. त्यासाठीच तर पाठ असते. आण्णांनी हॅवरसॅक उचलली, पट्ट्याची शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाले, "फुली चांगली घातलीय. कुणी घातली?"

"चप्पल लाइनीच्या मामांनी."

"हं." मग थोड्या वेळाने, झोपाळा थांबवून, "ह्या वजनाला चाळीस लिटर लई झाली. पुढच्या वर्षी तीसची घे. मला उचलायला."

पुढच्या आषाढासाठी मी रजेचा अर्ज आताच टाकून ठेवला आहे. कारणाच्या रकान्यात लिहिले आहे : 'वडिलांची पाठराखण.'